केंद्रित आयन-शलाका आणि पेशीचित्रांचे प्रामाण्य

१. प्रास्ताविक

पेशी व ऊतके यांच्या अंतर्रचनेची त्रिमितीय चित्रे मिळविण्याच्या ज्या पद्धती गेल्या वीस वर्षांत पुढे आल्या, त्यांत केंद्रित आयन-शलाकेच्या पद्धतीला अग्रस्थान आहे. तिने दिलेली चित्रे आता संशोधनपत्रिकांतून तशीच पदव्युत्तर पाठ्यग्रंथांतूनही सर्वत्र दिसतात. तंतुकणिका हिरव्या, अंतर्द्रव्यजालिका निळी, केंद्रक जांभळे, अशी रंगविलेली पेशी पडद्यावर फिरू लागली की पाहणाऱ्याची खात्री पटते. ही खात्री कशावर आधारलेली असते, आणि तेवढी खात्री बाळगण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पद्धतीची निंदा करणे हा येथे हेतू नाही. तिच्यावाचून कळली नसती अशी पुष्कळ गोष्ट आज आपणांस कळली आहे. परंतु हिच्या पुराव्याचे स्वरूप पूर्वीच्या सूक्ष्मदर्शकीय पुराव्याहून एका मूलभूत बाबतीत वेगळे आहे, आणि ह्या वेगळेपणाची जाणीव चित्रे वाचताना पुरेशी ठेवली जात नाही, असे आम्हांस वाटते.

२. शलाका काय करते

'आयन-शलाकेने केलेले चित्रण' हा शब्दप्रयोग रूढ आहे, पण बहुतांश प्रयोगांच्या बाबतीत तो यथार्थ नाही. येथे आयन पाहत नाहीत, ते कापतात. पाहण्याचे काम इलेक्ट्रॉन करतात.

नेहमीच्या उपकरणात गॅलियम ह्या धातूचे आयन वापरले जातात. हा धातू सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो. त्यामुळे सुईच्या टोकावर त्याचा द्रवरूप थर राखता येतो आणि तीव्र विद्युत्-क्षेत्राच्या योगाने त्यातून आयन ओढून घेता येतात. अमेरिकेतील ह्यूज प्रयोगशाळेत सेलिगर व त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली अशा स्रोतापासून एक मायक्रोमीटरहून बारीक शलाका मिळविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अर्धवाहक उद्योगाने ती उचलली. विद्युत्-मंडले दुरुस्त करणे, चकतीवर नेमक्या जागी छेद घेणे, ही तिची पहिली कामे होत. जीवशास्त्रात ती आली ती अशी कारखान्यातून आली.

गॅलियमचा एक आयन इलेक्ट्रॉनापेक्षा सव्वा लक्ष पटींहून अधिक जड असतो. साधारणतः ३०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने तो पृष्ठभागावर आदळला म्हणजे तेथील अणू उधळले जातात. शलाका पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर ठेवून फिरविली तर काही नॅनोमीटर जाडीचा थर निघून जातो. उघड्या पडलेल्या नव्या पृष्ठाचे चित्र कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉन-शलाकेने घेतले जाते, पुन्हा थर काढला जातो, पुन्हा चित्र घेतले जाते. अशी हजारो चित्रे एकावर एक रचली की त्रिमितीय आकृती सिद्ध होते. हीलियम आयनांनी प्रत्यक्ष चित्र घेणारे सूक्ष्मदर्शकही आहेत. त्यांत धातूचा मुलामा न देता पेशीच्या पृष्ठभागाचे तपशील पाहता येतात. परंतु पेशीच्या आतील रचनेविषयी आज जे लिहिले जाते, त्याचा मोठा भाग वर सांगितलेल्या 'काप आणि पाहा' ह्या क्रमातून आलेला आहे. म्हणून येथील चिकित्सा त्यापुरती मर्यादित ठेवली आहे.

३. पद्धतीचे खरे श्रेय

ह्या पद्धतीने नेमके काय मिळविले हे प्रथम मान्य केले पाहिजे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पूर्वी हिऱ्याच्या सुरीने छेद घेत असत, आणि आजही घेतात. असा छेद सुमारे ४० ते ५० नॅनोमीटर जाडीचा असतो. चेतापेशींच्या संदेशसंधीवर, म्हणजे सिनॅप्सवर, जी पुटिका असते तिचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर. अर्थात अख्खी पुटिका एका छेदात गडप होऊ शकते. छेदाच्या प्रतलात तपशील काही नॅनोमीटरांपर्यंत दिसतो, पण खोलीच्या दिशेने तो पन्नास नॅनोमीटरांवर थांबतो. प्रतलाशी समांतर धावणारे पटल अशा छेदात धूसर होऊन जाते, आणि एक बारीक तंतू कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे सांगणे कठीण होते. ब्रेनर, व्हाइट आदींनी सूत्रकृमीच्या चेतासंस्थेचा जो आराखडा १९८६ साली प्रसिद्ध केला, तो अशाच छेदांतून वर्षानुवर्षे खपून काढलेला होता. त्या श्रमांचा मोठा भाग ह्या धूसरतेशी झगडण्यात गेला.

डेंक व होर्स्टमन यांनी २००४ साली सुरीच सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात कक्षात बसविली आणि ठोकळ्याच्या पृष्ठभागाचेच चित्र घेण्याची रीत दृढ केली. २००६ साली हेमन, सुब्रमण्यम् प्रभृतींनी सुरीच्या जागी आयन-शलाका वापरून गोठविलेल्या यीस्ट-पेशी व अर्बुदाचे ऊतक यांचे क्रमवार पृष्ठचित्रण केले, आणि केंद्रकपटलावरील सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीची छिद्रे ओळखता येतात असे दाखविले. २००८ साली नॉट व त्यांचे सहकारी यांनी प्रौढ मेंदूच्या ऊतकावर हीच रीत चालविली. ह्यानंतर खोलीच्या दिशेचे माप प्रतलातील मापाइतकेच लहान करता येऊ लागले. आकृतीचा प्रत्येक घटक ८ नॅनोमीटर बाजूचा, पुढे ४ नॅनोमीटर बाजूचा, घन झाला. चाळीस नॅनोमीटरांची पुटिका आता पाच किंवा दहा थरांत दिसते. तिन्ही दिशांनी सारखी सूक्ष्मता, हे ह्या पद्धतीचे खरे श्रेय होय. संगणकाने पटलांचा माग काढावयाचा तर ह्या समतेचे मोल फार मोठे आहे.

४. पुरावा नष्ट होतो

परंतु ह्या श्रेयाची किंमत कोणती? हिऱ्याच्या सुरीने घेतलेले छेद जाळीवर किंवा फितीवर उरतात. शंका आली तर तोच छेद पुन्हा पाहता येतो. अधिक विवर्धनाने पाहता येतो. दहा वर्षांनी दुसरा संशोधक दुसऱ्या प्रश्नासाठी तो मागवू शकतो. आयन-शलाकेने काढलेला थर मात्र अणुरूपाने उधळून जातो. चित्र घेताना केंद्रीकरण किंचित चुकले, उपकरण मध्येच थांबले, किंवा तापमानातील फरकामुळे ठोकळा सरकला, तर तो थर पुन्हा पाहण्याची सोय नाही. प्रयोगाच्या अखेरीस चित्रे उरतात. नमुना उरत नाही.

निरीक्षणात नमुन्याचा नाश होणे ही विज्ञानात अपूर्व गोष्ट नव्हे. रसायनशास्त्रातील अनेक विश्लेषणांत तसे घडते. परंतु तेथे त्याच पदार्थाचा दुसरा अंश बाटलीत शिल्लक असतो. मेंदूच्या एका विशिष्ट ठोकळ्याला दुसरा अंश नाही. म्हणून ह्या पद्धतीत चित्र हा नमुन्याविषयीचा एकमेव साक्षीदार ठरतो, आणि त्याची उलटतपासणी करावयाची तर ती त्याच्याच जबानीवरून करावी लागते.

ह्यातून जो व्यावहारिक परिणाम निघतो तो महत्त्वाचा आहे. लेखासोबत रंगविलेली चार चित्रे छापणे हे इतर पद्धतींत अपुरे ठरेल. येथे ते अग्राह्य मानले पाहिजे. मूळ, असंस्कारित चित्रमालिका उपलब्ध नसेल, तर त्या लेखातील विधान तपासता येण्याजोगे राहतच नाही. अनेक प्रयोगशाळांनी हे ओळखले आहे. अमेरिकेतील जनेलिया संस्थेने अखंड पेशींच्या चित्रमालिका २०२१ साली सर्वांसाठी खुल्या केल्या, आणि युरोपातील सार्वजनिक भांडारांतही अशा मालिका ठेवल्या जातात. तथापि हा सर्वत्र नियम झालेला नाही, तो व्हावा.

५. शलाकेपूर्वी घडून गेलेले

दुसरा आक्षेप शलाकेच्या आधीच्या अवस्थेसंबंधी आहे. ज्याला आपण पेशीचे चित्र म्हणतो ते बहुतेक वेळा पेशीचे नसते. अल्डिहाइडने स्थिर केलेले, ऑस्मियम, युरेनियम, शिसे ह्यांसारख्या जड धातूंनी माखलेले, निर्जल करून कृत्रिम राळेत बसविलेले ते ऊतक असते. इलेक्ट्रॉन परत उसळतात ते धातूवरून. जेथे धातू बसला तेथे रेषा उमटली. जेथे बसला नाही तेथे पेशीत काही असले तरी चित्रात पोकळी. चार नॅनोमीटरांची सूक्ष्मता ही धातूच्या मांडणीची सूक्ष्मता आहे, हे ध्यानी ठेवावे लागते.

ह्या बाबतीत पेशीविज्ञानाने एकदा चटका घेतलेला आहे. १९५० च्या दशकात जीवाणूंच्या छेदांत पटलाच्या आत वळलेल्या पिशवीसारख्या रचना दिसू लागल्या. १९६० साली फिट्झ-जेम्स यांनी त्यांना 'मेसोसोम' हे नाव दिले. गुणसूत्रांचे विभाजन, पेशीभित्तीची निर्मिती, श्वसन अशी नाना कार्ये त्यांच्याकडे सोपविण्यात आली, आणि पाठ्यपुस्तकांत त्यांची आकृती स्थिरावली. पुढे जीवाणू रासायनिक स्थिरीकरणावाचून वेगाने गोठवून पाहिले, तेव्हा ह्या रचना नाहीशा झाल्या. त्या स्थिरीकरणाच्या क्रियेत उत्पन्न झालेल्या होत्या. येथे सूक्ष्मदर्शकाचा दोष नव्हता. सूक्ष्मदर्शकाने जे होते तेच दाखविले. पण जे होते ते जीवाणूचे नव्हते.

आयन-शलाकेच्या क्षेत्रातही ह्याचे उदाहरण आहे, आणि ते ह्या क्षेत्रातील धुरीणांनीच पुढे मांडले ही गौरवाची गोष्ट होय. रासायनिक पद्धतीने स्थिर केलेल्या मेंदूत चेतापेशी एकमेकींना अगदी खेटून बसलेल्या दिसतात. मधे जागा जवळजवळ उरत नाही. व्हान हारेव्हेल्ड यांनी १९६५ सालीच गोठवलेल्या ऊतकावरून ही जागा प्रत्यक्षात असते असे दाखविले होते. २०१५ साली कोरोगोद, पीटरसन व नॉट यांनी उंदराच्या मेंदूच्या बाह्यकाचा दोन्ही रीतींनी तौलनिक अभ्यास केला. रासायनिक रीतीत पेशींमधील अवकाश लोपतो, आधारपेशींचे आकारमान फुगते, आणि सिनॅप्स व केशवाहिन्या यांना त्या वास्तवाहून अधिक घट्ट वेढताना दिसतात, असे त्यांनी दाखविले. आधारपेशी सिनॅप्सला किती वेढतात, हा चेताविज्ञानात वादाचा प्रश्न आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ रासायनिक रीतीच्या चित्रावरून मोजून देणाऱ्याने प्रथम हा दोष बाजूस सारला पाहिजे.

गोठविण्याची रीत हा सर्व रोगांवरील उपाय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. उच्च दाबाखाली गोठविले तरी सुमारे दोनशे मायक्रोमीटर जाडीपलीकडे बर्फाचे स्फटिक टाळणे दुर्घट होते. म्हणजे विश्वासार्ह स्थिती हवी असेल तर लहान नमुना पत्करावा लागतो. मोठा नमुना हवा असेल तर रसायनाचा हस्तक्षेप पत्करावा लागतो.

६. शलाका स्वतः मागे काय ठेवते

तिसरा आक्षेप शलाकेच्या कृतीसंबंधी. ठोकळ्यात कठीण व मऊ भाग शेजारी असले की ते सारख्या गतीने झिजत नाहीत, आणि पृष्ठावर पडद्याच्या चुण्यांसारखे उभे पट्टे उमटतात. संगणकाने ते पुसता येतात. पण पुसणारा गणितविधी पट्ट्याला समांतर असलेले खरे पटलही फिके करू शकतो. तसेच 'आठ नॅनोमीटरचा थर' असे जे लिहिले जाते, ती पुष्कळदा उपकरणाला दिलेली आज्ञा असते, मोजलेले माप नसते. थरांची जाडी प्रयोगाच्या ओघात कमीजास्त होते. म्हणून ती प्रत्यक्ष मोजण्याचे उपाय संशोधकांना शोधावे लागले. आकारमानांची तुलना करणाऱ्या लेखात हे मापन दिलेले नसेल, तर वाचकाने ते मागितले पाहिजे.

गोठविलेल्या पेशीच्या बाबतीत शलाकेचा उपयोग निराळा आहे. २००७ साली मार्को, मॅनेला व इतरांनी काचरूप बर्फातील नमुना शलाकेने तासून पातळ करण्याची रीत दाखविली. अशा पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवून, धातूच्या लेपावाचून, प्रत्यक्ष रेणू त्यांच्या जागी पाहता येतात. महामिद व सहकाऱ्यांनी २०१६ साली हेला-पेशीच्या केंद्रकाचा परिसर अशाच रीतीने पाहिला. पाचव्या कलमातील आक्षेप येथे बव्हंशी निरस्त होतो; परंतु त्याची जागा दुसरा घेतो. लुकास व ग्रिगोरिएफ यांनी २०२३ साली मोजून दाखविले की गॅलियमच्या शलाकेने होणारी इजा पापुद्र्याच्या पृष्ठापासून ६० नॅनोमीटर खोलीपर्यंत पोहोचू शकते. पापुद्रा २०० नॅनोमीटर जाडीचा धरला, आणि दोन्ही पृष्ठांची कमाल इजा वजा केली, तर निर्धोक असा मधला भाग ८० नॅनोमीटर उरतो. ज्या हत्याराने नमुना पाहण्याजोगा केला, त्यानेच त्याचा अर्ध्याहून अधिक भाग संशयास्पद केला. आणि दहा मायक्रोमीटर जाडीच्या पेशीत दोनशे नॅनोमीटरांचा पापुद्रा म्हणजे पन्नासावा हिस्सा. उरलेले एकोणपन्नास हिस्से तासणीत गेले.

७. किती पाहिले?

चौथा आक्षेप संख्येचा. वीस मायक्रोमीटर बाजूचा घन आठ नॅनोमीटरांच्या थरांनी काढावयाचा तर २,५०० आवर्तने लागतात. प्रत्येकास एक मिनिट धरले तरी सुमारे ४२ तास होतात. एका घन मिलिमीटरमध्ये असे १,२५,००० घन मावतात. म्हणून हा घन कोठून घेतला, तो कोणी निवडला व कोणत्या निकषाने, हा प्रश्न गौण नाही. आपणांस हवे ते दिसेल अशी जागा निवडण्याची मुभा हे ह्या पद्धतीचे भूषण मानले जाते. तेच तिचे छिद्रही आहे.

उंदराच्या बाह्यकात एका घन मायक्रोमीटरमध्ये साधारण एक सिनॅप्स असतो. तेव्हा वरील घनात आठ हजारांच्या घरात सिनॅप्स सापडतील. आठ हजार मापे हाती आली की सांख्यिकीय कसोट्या अत्यंत अनुकूल उत्तरे देऊ लागतात. परंतु ती आठ हजार मापे एकाच प्राण्याची, एकाच ठोकळ्याची, एकाच स्थिरीकरणाची आहेत. प्राण्यांविषयी विधान करावयाचे असेल तर नमुन्यांची संख्या एक आहे, आठ हजार नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांनी ह्या पद्धतीचा कोणताही लेख हाती घेतला की प्रथम हा आकडा शोधावा.

फळमाशीच्या मेंदूवरील दोन महान प्रकल्पांची तुलना येथे बोधप्रद होईल. जनेलियातील शेफर व सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात एका मादीच्या मेंदूचा सुमारे अर्धा भाग आयन-शलाकेने आठ नॅनोमीटर घनांत काढला असून त्यात सुमारे २५,००० चेतापेशी आहेत. त्यासाठी ऊतक आधी तप्त सुरीने वीस मायक्रोमीटरांच्या तेरा जाड चकत्यांत कापावे लागले, कारण एवढ्या लांबीवर शलाकेचा एकसारखेपणा टिकत नाही. उलटपक्षी, दुसऱ्या एका मादीचा संपूर्ण मेंदू हिऱ्याच्या सुरीने सुमारे चाळीस नॅनोमीटरांच्या सात हजारांवर छेदांत कापून २०१८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून २०२४ साली १,३९,२५५ चेतापेशींचा आराखडा सिद्ध झाला. पहिल्यात समता अधिक, दुसऱ्यात व्याप्ती अधिक. पहिल्याने सूक्ष्म तंतूंचा माग सुलभ केला. दुसऱ्याने दाखविले की संगणकीय पद्धती सुधारल्या म्हणजे जाड छेदांतूनही माग काढता येतो. आयन-शलाका हीच एकमेव वाट आहे, हा समज ह्या तुलनेपुढे टिकत नाही. त्याच वेळी, स्वतंत्र रीतींनी काढलेले दोन आराखडे ज्या जोडण्यांविषयी एकमत होतात, त्यांचे प्रामाण्य कोणत्याही एका आराखड्याहून अधिक ठरते. जो नमुना पुन्हा पाहता येत नाही, त्याच्या साक्षीला दुजोरा मिळतो तो अशा प्रकारे.

८. रंगवणारा कोण

शेवटी, रंगांविषयी. पेशीच्या आकृतीतील रंग हे निरीक्षण नसून निर्णय असतात. पूर्वी हा निर्णय अभ्यासक हाताने रेषा ओढून घेत असे. आता मोठ्या प्रमाणावर तो संगणक घेतो. २०२१ साली हाइनरिख व सहकाऱ्यांनी पेशीतील ३५ पर्यंत प्रकारचे घटक अशा रीतीने वेगळे करून दाखविले. हे कार्य निःसंशय मोठे आहे. परंतु संगणकाला शिकविले ते माणसांनी रेषांकित केलेल्या लहान ठोकळ्यांवरून. जेथे तज्ज्ञांचेच एकमत नाही, उदाहरणार्थ अंतर्द्रव्यजालिकेचा चपटा भाग कोठे संपतो व नलिका कोठे सुरू होते, तेथे संगणकाची रेषा स्वच्छ असली तरी प्रश्न सुटलेला नसतो. संदिग्धता रेषेखाली झाकली जाते इतकेच. म्हणून सीमांकन कोणत्या उदाहरणांवरून शिकविले आणि न शिकविलेल्या नमुन्यावर त्याची चूक किती, हे दोन्ही लेखात असले पाहिजे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनाचा अर्थ पद्धती त्याज्य आहे असा नाही. तिच्या चित्राकडे छायाचित्राप्रमाणे पाहू नये. ज्याचा मूळ दस्तऐवज जळून गेला आहे अशा ग्रंथाच्या एकमेव प्रतीप्रमाणे पाहावे, असा आहे. अशी प्रत हाती आली तर पाठचिकित्सक ती टाकून देत नाही. लेखनिक कोण, त्याने काय गाळले, कोठे डागडुजी केली, हे तो विचारतो, आणि दुसऱ्या परंपरेतील प्रतीशी ती ताडून पाहतो. पेशीविज्ञानाला हीच वृत्ती अंगीकारावी लागेल. स्थिरीकरण कोणते, थराची जाडी मोजली की मानली, प्राणी किती, जागा कशी निवडली, मूळ चित्रे कोठे आहेत, आणि सीमांकनाची चूक किती, ह्या सहा प्रश्नांची उत्तरे जो लेख देतो, त्याचे चित्र पुरावा म्हणून स्वीकारावे. जो देत नाही, त्याचे चित्र सुंदर असले तरी उदाहरण म्हणूनच ठेवावे.

ज्या विभागांत असे उपकरण नाही, आणि त्यांची संख्या फार मोठी आहे, तेथील विद्यार्थ्यांनी ह्यामुळे निराश होण्याचे कारण नाही. खुल्या चित्रमालिका त्यांनाही तितक्याच उपलब्ध आहेत. नमुना सर्वांसाठीच नष्ट झालेला असल्यामुळे, ज्याने तो कापला त्याच्यापाशी आणि जो दूर बसून चित्रे वाचतो त्याच्यापाशी पुरावा एकच आहे. एखाद्या प्रसिद्ध विधानाची मूळ चित्रांवरून फेरतपासणी करणे हा पदव्युत्तर प्रबंधाला पूर्णतः योग्य असा विषय होय, आणि तशा तपासणीची ह्या क्षेत्राला आज नव्या चित्रांइतकीच गरज आहे.